चाळिशीचा चष्मा आणि पहिला कॅमेरा: पन्नास हजारांच्या आतबाहेर काय घ्यावं

निवृत्तीनंतर पहिला डिजिटल कॅमेरा घ्यायला निघालं की दुकानदार आधी मेगापिक्सेल सांगतो आणि मग सोबत काय काय फुकट मिळतंय ते. तुम्हाला चष्मा कोणता, जवळचा की लांबचा, हे सहसा कुणी विचारत नाही. साठीनंतर कॅमेरा वापरात राहणार की कपाटात जाणार, हे बहुतेक वेळा याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं. वजन आणि गुडघे त्यानंतर. मेगापिक्सेलचा नंबर सगळ्यात शेवटी, कारण आजच्या कुठल्याही नामांकित कॅमेऱ्यात ते गरजेपेक्षा जास्तच असतात.

आधी एक स्पष्ट सांगायला हवं. नातवंडांचे घरातले फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकायचे एवढाच उद्देश असेल, तर कॅमेरा घेऊ नका. चांगला फोन त्या कामात पन्नास हजारांच्या कॅमेऱ्याला सहज गाठतो, घरातल्या ट्यूबलाइटखाली तर कधी कधी मागेही टाकतो. दूरचा पक्षी, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाचा चेहरा, देवळाच्या शिखरावरची मूर्ती हवी असेल, किंवा भर उन्हात फोनचा पडदाच दिसत नसेल, तर कॅमेऱ्याला पर्याय नाही.

आता डोळ्यांकडे येऊ. लांबचं नीट दिसतं पण जवळचं वाचायला चाळिशी लागते, असा माणूस कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर चाळिशीशिवाय काहीच वाचू शकत नाही. चाळिशी घातली की पडदा दिसतो, पण समोरचा देखावा धूसर होतो. मग चष्मा वर, चष्मा खाली, आणि तेवढ्यात खंड्या उडून जातो. यावर उपाय म्हणजे डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर. त्याच्या शेजारी एक छोटं चाक किंवा सरकपट्टी असते, डायऑप्टरची. ती फिरवून व्ह्यूफाइंडर स्वतःच्या नंबरला जुळवता येतो. म्हणून पहिला नियम असा की व्ह्यूफाइंडर नसलेला कॅमेरा घ्यायचा नाही. कॅननचा एसएक्स७४० एचएस हा खिशात मावणारा, ४० पट झूमचा छान कॅमेरा आहे, पण त्याला व्ह्यूफाइंडर नाही. साठीतल्या डोळ्यांसाठी तो इथेच बाद होतो.

व्ह्यूफाइंडर दोन जातींचे असतात आणि फरक इथेच आहे. डीएसएलआरचा, म्हणजे आत आरसा असलेल्या आणि लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याचा, व्ह्यूफाइंडर काचांचा आणि आरशाचा असतो. त्यातून समोरचं दृश्य थेट दिसतं, पण काढलेला फोटो आणि मेनू पाहायला मागच्या पडद्याकडेच यावं लागतं, म्हणजे पुन्हा चाळिशी. मिररलेस (लेन्स बदलते, पण आत आरसा नाही) आणि ब्रिज (लांब झूमची एकच न बदलणारी लेन्स) कॅमेऱ्यात डोळ्यापाशी एक छोटा इलेक्ट्रॉनिक पडदा असतो. एकदा डायऑप्टर जुळवला की मेनू, सेटिंग आणि काढलेला फोटो, सगळं त्याच भोकातून स्वच्छ दिसतं, चष्म्याला हातही लावावा लागत नाही. शिवाय फोटो जास्त उजळ किंवा काळा येणार असेल तर तो काढण्याआधीच कळतं. पंचविशीतल्या मुलाला दोन्हींत फारसा फरक वाटणार नाही. तुम्हाला वाटेल.

डायऑप्टर जुळवताना बरेच जण समोरच्या झाडाकडे बघत चाक फिरवतात. ते चुकतं. आतले आकडे आणि फोकसचे चौकोन यांच्याकडे बघत फिरवा. ते कोरीव दिसले की थांबा. ज्या चष्म्याने पुढे फोटो काढणार तोच चष्मा तेव्हा डोळ्यांवर हवा, किंवा काढणार नसाल तर नको. या चाकाला मर्यादाही आहे. कॅनन १५००डीमध्ये ते उणे २.५ ते अधिक ०.५ एवढंच फिरतं. लांबचा नंबर उणे दोन असलेल्याला चष्म्याशिवाय भागतं, पण अधिक दोन असलेल्याला चष्मा लावूनच बघावं लागतं. सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर हे चाक काहीच करत नाही, चष्मा हवाच. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर त्याच्या वरच्या भागातून बघा.

कॅनन ईओएस १५००डी हा २०१८ पासून बाजारात असलेला डीएसएलआर आजही दुकानात सगळ्यात आधी पुढे केला जातो. २४.१ मेगापिक्सेल, बॅटरी-कार्डासह ४७५ ग्रॅम, सोबत १८-५५ ची लेन्स (हे आकडे मिलिमीटरचे; आकडा मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं). जमेच्या बाजूला पकड चांगली, एका चार्जिंगवर सुमारे ५०० फोटो, आणि जुन्या ईएफ लेन्सांचा मोठा सेकंडहँड बाजार. फोकसचे बिंदू मात्र नऊच, पडदा स्थिर आणि टच नसलेला. पडद्यावर बघून फोटो काढायला गेलं तर फोकस इतका सावकाश लागतो की नातू फ्रेममधून निघून गेलेला असतो. हा कॅमेरा डोळ्याला लावूनच वापरायचा आहे. त्याचा धाकटा भाऊ ३०००डी तर घेऊच नका. लेन्स बसते ती कडी प्लॅस्टिकची, पडदा २.७ इंची आणि इतका कमी ठिपक्यांचा की फोटो हलला की नाही हे घरी येईपर्यंत कळत नाही.

त्याच कंपनीचा आर१०० हा २०२३ चा मिररलेस. या बजेटमध्ये बहुतेक निवृत्तांसाठी आमची पहिली पसंती यालाच आहे, आणि कारण वर सांगितलेला इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर. बॅटरी-कार्डासह ३५६ ग्रॅम, १८-४५ ची लेन्स आणखी १३० ग्रॅम. म्हणजे सगळं मिळून अर्ध्या किलोच्या आत. गळ्यात दिवसभर अडकवून मान दुखत नाही. माणसाचा चेहरा आणि डोळा तो स्वतः शोधून फोकस करतो, त्यामुळे लग्नाकार्यात फोकस हुकण्याचं प्रमाण १५००डीपेक्षा बरंच कमी. ही लेन्स बंद असताना आखडलेली असते. वापरण्याआधी कडी फिरवून उघडावी लागते. नाहीतर पडद्यावर सूचना येते आणि पहिल्या दिवशी लोकांना वाटतं कॅमेरा बिघडला.

आर१००च्या उणिवा लपवण्यासारख्या नाहीत. पडदा स्थिर आहे आणि टच नाही. फोनवर बोट ठेवायची सवय असलेल्याला पहिला आठवडा चिडचिड होते. सलग फोटोंचा वेग सेकंदाला साडेसहा आहे, पण हलत्या विषयावर फोकस धरून ठेवायचा सर्व्हो मोड लावला की तो साडेतीनवर येतो. उडत्या बगळ्याला हे अपुरं. फोरके व्हिडिओत चित्र कडेने कापलं जातं आणि फोकस मंदावतो, म्हणून व्हिडिओ फुल एचडीतच काढावा. एका चार्जिंगवर तीन-चारशे फोटो धरा. ५५-२१० ची दुसरी लेन्स मिळणारा संच घ्यावा का? प्रवास, देवळं, कार्यक्रम यांसाठी जरूर घ्यावा. २७० ग्रॅमची ती लेन्स मांडवाच्या टोकापर्यंत पोहोचते. पक्ष्यांसाठी मात्र तिच्यावर विसंबू नका.

गुडघ्यांचा मुद्दा इथे येतो. कास पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरात सीतेची आसवं आणि गेंद फुलतात, ती घोट्याच्याही खाली. स्थिर पडद्याचा कॅमेरा असेल तर फुलाच्या पातळीवर यायला जमिनीवर लोळावं लागतं, आणि तिथे फुलांवर बसायला परवानगी नाही हे बरंच आहे. वाकणं जमत नसेल, तर बाहेर वळणारा पडदा ही चैन नाही, गरज आहे. कॅमेरा हात खाली सोडून धरायचा आणि वरून पडद्यात बघायचं. त्यासाठी दोन पर्याय. एक कॅननचा आर५०, ३७५ ग्रॅम, वळणारा टच पडदा आणि उत्तम फोकस, पण या बजेटच्या वर जातो. दुसरा २०१९ चा २००डी टू. तो डीएसएलआर असला तरी पडद्यावरचा फोकस चपळ आहे. वापरलेला पण चांगल्या स्थितीतला मिळाला तर गुडघेदुखीवाल्यांनी आर१००च्या आधी याचा विचार करावा. पडदा वाचायला चाळिशी लागेल, तेवढं मान्य करून.

आता पक्षी. निवृत्तीनंतर कॅमेरा घेणाऱ्यांत निम्म्यांच्या मनात भिगवणचे फ्लेमिंगो किंवा नांदूरमध्यमेश्वर असतंच. इथे लेन्स बदलणारे कॅमेरे महाग पडतात. ५५-२१० लेन्सची पोहोच जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्याच्या हिशेबात ३३६ मिलिमीटर एवढी. होडीतून फ्लेमिंगोंचा थवा येतो, पण बाभळीवरचा शिंजीर ठिपक्याएवढा. या कामाला ब्रिज कॅमेरा योग्य: एकच न बदलणारी लेन्स आणि अफाट झूम. कॅननचा एसएक्स७० एचएस १३६५ मिलिमीटरपर्यंत जातो आणि वजन ६१० ग्रॅम. निकॉनचा कूलपिक्स पी९५० तब्बल २००० मिलिमीटरपर्यंत, पण वजन एक किलो आणि किंमत बजेटच्या बरीच बाहेर. दोघांनाही इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर आणि वळणारा पडदा आहे. ३००० मिलिमीटरचा पी१००० बघून मोह होईल. तो जवळजवळ दीड किलोचा आहे, ट्रायपॉडशिवाय त्याचं काही खरं नाही.

या अफाट झूमची किंमत सेन्सरमध्ये, म्हणजे आतल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपमध्ये, मोजावी लागते. ब्रिज कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटर, आर१००चा २२.३ गुणिले १४.९. क्षेत्रफळात जवळजवळ बारा पट फरक. म्हणून सकाळी आठनंतरच्या उन्हात ब्रिज कॅमेरा कमाल करतो आणि संध्याकाळी, गर्द झाडीत किंवा हॉलमध्ये दाणेदार, चिखलासारखे फोटो देतो. आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळवायचा आकडा; वाढवला की दाणे वाढतात) ८०० च्या वर नेऊच नका. दुसरी अडचण हवेची. दुपारी तापलेल्या पाण्यावरून आणि जमिनीवरून हवा थरथरते. २००० मिलिमीटरवर ती थरथर फोटोत उतरते आणि कितीही महाग कॅमेरा असला तरी पक्षी पाण्यात भिजल्यासारखा दिसतो. भिगवणला पहाटेच्या होड्या पकडतात त्यामागे हेही एक कारण आहे. तिसरी अडचण म्हणजे पूर्ण झूम केल्यावर पक्षी फ्रेममधून निसटतो आणि पुन्हा सापडत नाही. पी९५०ला यासाठी स्नॅप-बॅक झूमचं बटण आहे, एसएक्स७०ला झूम फ्रेमिंग असिस्टचं. दाबून धरलं की झूम मागे येतो, सोडलं की परत आधीच्या जागी जातो. घरच्या खिडकीतून समोरच्या इमारतीवरच्या कबुतरांवर याचा सराव करून मगच बाहेर पडा.

ऑनलाइन बाजारातल्या एका प्रकारापासून मात्र जपा. तीन ते आठ हजारांत ४८ किंवा ६४ मेगापिक्सेल, फोरके, १६ एक्स झूम असं मिरवणारे अनोळखी नावांचे छोटे कॅमेरे. आत स्वस्त फोनच्या दर्जाचा सेन्सर असतो, मेगापिक्सेल सॉफ्टवेअरने फुगवलेले आणि झूम पूर्ण डिजिटल, म्हणजे फोटो कापून मोठा करणं. ओळखायची खूण सोपी आहे. जाहिरातीत ‘ऑप्टिकल झूम’ हे शब्द नसतात, आणि लेन्सच्या कडेवर मिलिमीटरचे दोन खरे आकडे नसतात. सून-मुलाने प्रेमाने असा कॅमेरा पाठवला असेल तर परत करायची मुदत बघा.

घरात फिल्मच्या काळातल्या लेन्स पडून असतील तर त्याही निर्णयात धरा. कॅननच्या १९८७ नंतरच्या ईएफ लेन्स १५००डी आणि २००डी टूवर सरळ बसतात, आर१००वर कॅननच्या अॅडाप्टरने, आणि फोकसही आपोआप होतो. त्याआधीच्या एफडी लेन्स कॅननच्याच डीएसएलआरवर बसत नाहीत. मिररलेसवर मात्र साध्या धातूच्या अॅडाप्टरने एफडी काय, निकॉनच्या मॅन्युअल लेन्सही चालतात. मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करायचं, डायल एव्हीवर (शटरचा वेग कॅमेरा स्वतः ठरवतो तो मोड) ठेवायची आणि व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र मोठं करून हाताने फोकस करायचा. जुनी ५० मिलिमीटरची लेन्स इथे ८० सारखी वागते, म्हणजे माणसांच्या फोटोंना उत्तम. निकॉनच्या सेकंडहँड डी३५०० वर जुनी मॅन्युअल लेन्स बसते, पण प्रकाशमापन बंद पडतं; ५० एफ १.८ डीसारखी लेन्स लावली तर आपोआप फोकस होत नाही, कारण त्या बॉडीत मोटर नाही.

जुना फ्लॅश मात्र नव्या कॅमेऱ्यावर लावू नका. फिल्मच्या काळातल्या काही फ्लॅशचा ट्रिगर व्होल्टेज दोनशे व्होल्टच्याही वर असतो आणि तो डिजिटल कॅमेऱ्याची सर्किट जाळू शकतो. शिवाय १५००डी आणि २००डी टूच्या हॉटशूमधली (वरची फ्लॅश बसवायची खाच) मधली पिनच कॅननने काढून टाकली आहे, त्यामुळे इतर कंपन्यांचे साधे फ्लॅश त्यांवर पेटतच नाहीत.

सेकंडहँड घेणार असाल तर मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजाराच्या परिसरात पर्याय मिळतात, पण दिवसाउजेडी जा आणि मोबाइलचा टॉर्च सोबत असू द्या. लेन्सच्या मागून टॉर्च मारून पुढून तिरपं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, लेन्स परत ठेवा. दोन-चार धूळकण असले तरी फोटोवर फरक पडत नाही. मग लेन्सचं छिद्र, म्हणजे अॅपर्चर, एफ १६ एवढं बारीक करून कोऱ्या आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, ती साफ होते. पण त्याचे पैसे किमतीतून वळते करून घ्या. बॅटरी कप्प्यातून निघताना अडकत असेल तर ती फुगलेली आहे. निकॉनमध्ये फोटोच्या माहितीतच शटर किती वेळा पडलं ते असतं. कॅननच्या या स्वस्त बॉड्यांमध्ये ते तसं दिसत नाही. तिथे पकडीचं रबर आणि डायलची झीज पाहून अंदाज घ्यावा.

पहिल्या महिन्यात फोटो बिघडतात ते बहुधा एकाच कारणाने. ऑटो मोडमध्ये कॅमेरा शटर १/६० सेकंद उघडं ठेवतो, झूम केलेला असतो, हात किंचित थरथरतो आणि फोटो हलतो. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन हाताची थरथर सावरतं, पक्ष्याची मान हलली तर त्याला काही करता येत नाही. शटर प्रायॉरिटी, म्हणजे शटरचा वेग आपण ठरवायचा मोड, लावा. कॅननमध्ये डायलवर ती टीव्ही, निकॉनमध्ये एस. बसलेल्या पक्ष्याला १/५००, उडत्याला १/१६००, आणि आयएसओ ऑटो. आर१००मध्ये ऑटो आयएसओची वरची मर्यादा ६४०० ठेवली तरी चालते, ब्रिजमध्ये ८००. डावा तळहात लेन्सच्या खालून, दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली, शटर दाबताना श्वास सोडलेला. उन्हातला पांढरा बगळा पिसं हरवून नुसता पांढरा येत असेल तर एक्स्पोजर उणे दोन-तृतीयांश करा. उजळ आभाळावर पक्षी काळा येत असेल तर अधिक एक.

फोटो फोनवर घ्यायला कंपनीचं अॅप आहे, पण वाय-फाय जोडणं तुटत राहतं. फोनला जोडायचा टाइप-सीचा कार्ड रीडर काही शेकड्यांत मिळतो आणि कुणाची मदत न घेता वापरता येतो. कार्ड ६४ जीबीचं, वर ‘व्ही३०’ लिहिलेलं, आणि माहितीच्या दुकानातूनच. नकली कार्ड भरपूर आहेत, ती अर्धी भरल्यावर फोटो गिळतात. सुरुवातीला जेपीईजीवरच राहा. ६४ जीबीत काही हजार मावतात. कार्ड रिकामं करायचं ते कॅमेऱ्यात फॉरमॅट करून. दुसरी बॅटरी कंपनीचीच घ्या, कारण आर१००ची एलपी-ई१७ बॅटरी चिपवाली आहे आणि तिच्या अनेक स्वस्त नकला मूळ चार्जरवर चार्जच होत नाहीत.

कोकण, मुंबई, गोवा इथल्या पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत कपाटात ठेवला की एका मोसमात लेन्सला बुरशी लागू शकते. झाकण घट्ट बसणारा मोठा प्लॅस्टिकचा डबा, त्यात पाव ते अर्धा किलो सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. निळं जेल घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं. नारिंगी घ्या आणि रंग बदलला की स्वयंपाकात न वापरल्या जाणाऱ्या ट्रेमध्ये साधारण १२० अंशांवर दोन तास तापवा. एसीच्या खोलीतून दमट हवेत जाताना कॅमेरा अर्धा तास बॅगेतच राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरतं.

दुकानात जाताना चाळिशी आणि लांबचा चष्मा, दोन्ही न्या, आणि कॅमेरा दहा मिनिटं डोळ्याला लावून बघा. मेनू व्ह्यूफाइंडरमध्ये वाचता येतोय का, अंगठा बटणापर्यंत पोहोचतोय का, झूमची कडी बोटांना जड जातेय का. फुकटचा लवचीक ट्रायपॉड आणि बॅग नाकारून त्याऐवजी मूळ बॅटरीवर सूट मागा. बरेच दुकानदार देतात. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावरचा सीरियल नंबर बॉडीवरच्या आणि खोक्यावरच्या नंबराशी तिथेच ताडून बघा. बिलाशिवाय चार-पाच हजार कमी करून मिळणारा माल बहुधा बाहेरून आलेला असतो आणि भारतातली वॉरंटी त्याला लागू होत नाही.